डावं-उजवं

देवमासा बर्फावर ओढून आणला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते
आणि सूर्य तसाच होता, बाजूला, काम नसल्यासारखा.
दोराला चाळीस माणसं. एनोकमामा दोराला नव्हता.
पेटीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगत होता:
आता शेपूट वर आली. आता पोरांनी घाई केली.

माझं काम डोळ्याचं.
संत्र्याएवढा डोळा, त्या डोक्याला न शोभणारा,
जबड्याच्या कोपऱ्याशी, पार खाली.
सुरी आडवी धरून काढायचा, पिशवीत घालायचा,
वर नंबर लिहायचा. पेन्सिलीने; शाई थिजते.

प्रयोगशाळेत भिंग सोलताना कांदा आठवतो,
फक्त डोळ्यांना पाणी येत नाही.
बाहेरचे पापुद्रे अलीकडचे. आत जावं तसं जुनं.
अगदी मधला दाणा, मिरीएवढा,
आईच्या पोटात घडला आणि मग कधीच बदलला नाही.
कातडी बदलते, रक्त बदलतं,
हाडसुद्धा गुपचूप नवं होत राहतं;
या मिरीला कुणी हात लावत नाही.

जीव सगळं डाव्या हाताने विणतो.
का, ते मला विचारू नका.
प्रथिनांचा टाका डावा, माशाचा, माणसाचा, कुत्र्याचा.
पण अस्पार्टिक नावाचं एक आम्ल आहे, जरा सैल स्वभावाचं.
नुसत्या उबेने, पडल्या पडल्या
ते कूस बदलतं.
डाव्याचं उजवं होतं.
आणि दाण्याच्या आत दुरुस्तीला कुणी येत नाही.
शेकड्यातले किती उजवे झाले, एवढंच मी मोजते.
वयाने माणसाला डावं-उजवं कळू लागतं म्हणतात.
डोळ्याला कळतं ते असं.

ऊब जितकी जास्त तितकी घाई.
देवमासा गार पाण्यात सावकाश पिकतो.
आपण सदतीस अंशांवर,
मंद आचेवर ठेवलेलं भांडं,
झाकण उघडून बघायला कुणी नाही.

जुलैत मामाला अँकरेजला नेलं.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. प्रथिनं गोळा होऊन दुधाळलेली,
अंड्याचा पांढरा तव्यावर होतो तशी.
वीस मिनिटांत काम झालं.
परतीच्या विमानात तो खिडकीला चिकटून होता.
म्हणाला, निळा रंग कुणी परत आणला?

नोव्हेंबरात माझं उत्तर आलं:
एकशे एकतीस वर्षं, अधिक-उणे पंचवीस.
सांगितलं तर हसला.
“त्याचं उणं पंचवीस म्हणजे तुझं अख्खं वय.”
मग बराच वेळ चाकू पुसत राहिला.

“माझ्या डोळ्याचं त्यांनी काय केलं?”
चुरा केला, मामा. कंपनाने. नळीने ओढून घेतला.
“मधलासुद्धा?”
मधलासुद्धा.

बाहेर कुणीतरी इंजिन गरम करत होतं, बंद पडत होतं, परत करत होतं.

“मी पोटात होतो तो हिवाळा आई आतल्या नदीवर होती.
गोठलेले मासे आणि कॅरिबू. दुसरं काही नव्हतं.
एकदा म्हणे ती नुसतं चरबीचं पाणी पिऊन तीन दिवस चालली.
ते त्यातच होतं ना?”

मी हो म्हणाले. शास्त्राने तेच म्हणावं लागतं.

त्याने नवा डोळा तळहाताने झाकला.
जुन्याने माझ्याकडे पाहिलं,
धुक्यातून माणूस ओळखावा तसं, बराच वेळ,
तोंडाने नाही पण मानेने ओळख देत.

“उजवा राहू दे,” म्हणाला.

दुसऱ्या डोळ्याची तारीख फेब्रुवारीतली आहे.
मी ती अजून रद्द केलेली नाही.
त्याला सांगितलेलंही नाही.