एक जागा भरणे आहे

मॅडम म्हणाल्या, पुढच्या विद्यार्थ्यासाठी जाहिरात तूच लिही,
तुझं संपत आलं, काय लागतं ते तुला ठाऊक.

मी लिहिलं:
जागा एक. मुदत पाच वर्षं. विषय उभयचर,
त्यांचा अधिवास आणि जनुकं.
विद्यावेतन नियमानुसार
(म्हणजे तीन महिने उशिरा; हे खोडलं).
रात्री काम करण्याची तयारी हवी.

इथं पेन थांबलं.

रात्र म्हणजे पिसुर्ल्याचा सडा, पावणेदोनचा सुमार,
जांभ्याच्या खळग्यांत पोटरीभर पाणी,
बुटात जळू, मोज्यात जळू,
पुढे फटी गावकर अनवाणी
आणि त्याची बत्ती खाली झुकलेली.

फटी पूर्वी बेबे धरायचा.
आषाढात गोणी भरून वाळपईला,
तिथून किनाऱ्यावरच्या हॉटेलांत;
भाव जोडीवर, मांड्या जाड असल्या तर वर दहा.
एकदा वनखात्यानं उचलला, दोन रात्री आत.
नंतर सोडलं म्हणतो. मी खोदून विचारलं नाही.
माझ्याकडे रोजावर आला तेव्हा हसला होता:
धरायचे, आणि परत सोडायचे?
त्याचे पैसे देतात?

कापसाची काडी मी बेडकाच्या पोटावरून फिरवते,
मांडीवरून, बोटांमधल्या पडद्यावरून,
मग काडी मोडून कुपीत, कुपीवर नंबर,
बेडूक परत त्याच दगडापाशी.
जाताना तळव्यावर थोडं मुतून जातो.
यातही डीएनए असतो, मी सांगते.
मग काडी कशाला, फटी विचारतो.

तिसऱ्या वर्षी चतुर्थीच्या सुट्टीत
ताळगावला प्रयोगशाळेची वीज गेली, पुरी रात्र.
उणे वीसचा फ्रीजर, त्यात दोन पावसाळे.
मासळीबाजार ओस. सांताक्रूझच्या रेमेदियानं
घरची बर्फाची पेटी उचलून दिली,
म्हणाली, बांगड्याचा वास येईल हां.
अजून येतो.

चौथ्या वर्षी आकडे आले.
खाणीच्या खड्ड्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे,
जात तीच, हाक तीच,
पण आता एकमेकांचे कुणी नाहीत.
अलीकडे तर नुसते सख्खे आणि चुलत उरलेत.
मॅडमना आलेख दाखवला.
फटीला म्हटलं, तिकडची पोर इकडे येत नाही रे.

तो बत्तीची काच पुसत राहिला. मग म्हणाला,
माझी आत्या पलीकडच्या वाड्यावर दिलेली.
सड्यावरून वाट होती, हातात फणस घेऊन पोचायचो.
खाण आली, वाट गेली.
खाण बंद पडली,
वाट काही परत आली नाही.
आता बस बदलून जायचं, म्हणजे कुणी जायचं नाही.
आत्या गेली ते तिसऱ्या दिवशी कळलं.

हे मी प्रबंधात घातलं नाही.
कुठल्या प्रकरणात घालणार?

जाहिरातीला शब्द दोनशे, त्यातले बरेच
विद्यापीठाच्या नावातच जातात.
म्हणून फटीलाच विचारलं, पुढच्याला काय यायला हवं?
पोहणं, म्हणेल असं वाटलं. किंवा साप ओळखणं.
म्हणाला, बत्ती खाली धरता यायला हवी.
तोंडावर उजेड मारला की बेबो हलत नाही,
वाटतं, बसलाय शांत.
आम्ही असेच तर धरायचो.

मी लिहिलं:
उजेड खाली धरणाऱ्यास प्राधान्य.
मॅडम खोडतील.

अर्ज वीस मेपर्यंत पोचावेत.
त्यानंतर फटी सड्यावर असतो,
तिथं फोन लागत नाही.