दोन बरण्या

कपाट हलवताना चिठ्ठ्या गळून पडल्या.
डिंक सुटलेला, शाई फॉर्मलिननं खाल्लेली,
आणि टेबलावर दोन बरण्या,
दोन्हींत एकेक मुटकुळं,
अंगठ्याएवढं, फिकट, कुणाच्या तरी पोटातलं.

रजिस्टरात नोंद आहे:
एक, वटवाघळाचा गर्भ. दोन, लाल तोंडाच्या माकडाचा.
कोणती एक, कोणती दोन,
ते रजिस्टर सांगत नाही.

हिरेमठ मॅडम म्हणाल्या, "गुर्रम, बघून लावून टाका,
सोमवारी प्रॅक्टिकल आहे."
बघून!
एकोणतीस वर्षं मी या बरण्या पुसतोय.

एप्रिलचं सोलापूर. पंखा गरम वारा ढवळतोय.
मी भिंग घेतलं, शेपूट शोधली.
एकाची होती, पायांतून पोटाशी वळलेली.
माकड. झालं काम.

मग हात दिसले.
दोघांचेही तोंडावर, ऊन लागल्यासारखे.
याला पाच बोटं, त्यालाही पाच.
याची अजून वाढायची होती, काडीसारखी लांब,
मधे कातडी ताणली की झाला पंख.
त्याची थांबायची होती,
फांदी मुठीत मावेल, एवढ्यावरच.

मॅडम एकदा शिकवताना म्हणाल्या, मी फळा पुसत होतो:
कुणी अभ्यासक म्हणे यांना चुलतभाऊ समजला.
मग रक्त तपासलं, नातं खोटं निघालं.
आमच्या गुर्रमांत उलटं.
रक्त जुळतं.

मागच्या उंबरावर दिवसपाळी माकडांची,
रातपाळी वटवाघळांची.
अर्धं खाल्लेलं फळ एक टाकतो,
दुसरा येऊन हुंगतो.
पाळी बदलताना बघतसुद्धा नाहीत एकमेकांकडे.
माझा बापही गिरणीतून सकाळी यायचा,
केसांत कापसाचा भुगा,
आणि आम्ही शाळेला निघायचो.

आई विडी घरकुलात, उंबऱ्यापाशी.
मांडीवर सूप, धाकटा छातीला,
आणि बोटं थांबायची नाहीत, हजार झाल्याशिवाय.
वटवाघळीण तशीच उडते म्हणे, पिल्लू छातीला घेऊन.
माकडीण तशीच उडी मारते.
दोघींना एका वेळी एकच.
आईला आम्ही सहा,
पण तेही एका वेळी एकच.

दुपारी आम्ही दंगा केला की ती दबक्या आवाजात म्हणायची,
हळू रे कोती,
आत गब्बिलम झोपलंय.
तेलुगूत कोती म्हणजे माकड.
गब्बिलम म्हणजे काय, ते मला
बाप गेल्यावर कळलं.

चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर जरा हललं.
डिंक पातळ झाला होता, कागद घसरत होता,
म्हणून दोन्ही बरण्या दोन तळव्यांत धरून
उभा राहिलो, वाळेपर्यंत.

मॅडम दारातून म्हणाल्या,
"काय झालं, ओळखू येईनात का?"
येतात की, म्हटलं.