नसती तर

चिल्वा सरोवराच्या अलीकडे, मका कापून झालेल्या
वावरांमधून मी सायकल ढकलत जातो.
हँडलला लटकता वजनकाटा,
पिशवीत अठ्ठावीस प्रश्न,
एका घराला एक फॉर्म.

घरोघरी मातीच्या चुली :
इथे त्या खरोखरच आहेत,
कंपनीने वाटलेल्या, कमी लाकूड खाणाऱ्या,
आणि प्रत्येकीच्या पोटावर नंबर कोरलेला.
एस्नार्टची चार हजार एकशे नऊ.
त्यातला नऊ काजळीने बुजलाय.

मी विचारतो, ती शेंगा सोलता सोलता सांगते.
घरात माणसं किती?
सहा.
नाही, पाच.
बोटं थांबतात. पुन्हा सुरू होतात.
स्वयंपाक दिवसातून किती वेळा?
पीठ असेल तितक्या.

मग सतरावा :
ही चूल नसती, तर तुम्ही किती लाकूड जाळलं असतं?

ती हसते. 'नसती तर?
आचिम्वेने, भाऊ माझ्या,
नसती-तरचं वजन करायला
कुठला हूक आणलायस?
पूर आला नसता, तर ते खालचं शेत असतं.
धाकट्याचा ताप रात्रीच कळला असता,
तर मघाचे सहा बरोबर असते.
हे लिहितोस?'

त्याला रकाना नाही.

मी तिला सांगतो, ऑफिसात मला सांगितलं तसं :
जे लाकूड जळलं नाही,
त्याचा जो धूर झालाच नाही,
तो मोजतात. टनात.
एका टनाचा एक कागद होतो,
कागद लांब कुठे विकला जातो,
जिथे धूर थांबवता येत नाही,
किंवा थांबवायचा नसतो.
यातलं नेमकं कुठलं, मला माहीत नाही.

'त्या कागदाचं मला काय?'
चूल.
'चूल तर माझ्या बहिणीने मळली.'

मी पान उलटतो.

'नवरा माझा कोळसा विकायचा, हमरस्त्याला.
एकदा पोत्याच्या तळाशी पालापाचोळा भरला,
तर लिवोंडेच्या ट्रकवाल्याने दात पाडला त्याचा.
तुमच्या या न झालेल्या धुराच्या पोत्यात
तळाशी हात घालून कोण बघतं?'

मी.
मीच बघतो.
म्हणून उठतो, नियमाप्रमाणे घरामागे जातो.

पपईखाली तीन दगड.
हात ठेवला. कोमट.

ती मागोमाग आलेली, सूप कमरेला लावून.
'काल शेजारी मयत होती. चाळीस माणसांची न्सिमा.
तेवढं भांडं तुमच्या चुलीवर बसत नाही,
बसवलं तर तिचा कान तुटतो.
एरवी रोज तीच पेटवते मी, विचार कुणालाही.
खोकला कमी आहे.
पोरगी लाकडाला आता आठवड्यातून दोनदाच जाते,
उरलेले दिवस शाळेत. हे तरी लिही.'

ते बाविसाव्यात येतं, मी म्हणतो. इतर फायदे.

आधी अठरावा :
तीन दगडांची चूल वापरता का?
रोज. कधी कधी. कधीच नाही.

'कधीच नाही'ने टन वाढतात.
तसं लिही म्हणून साहेब कधी बोलला नाही.
फक्त गेल्या महिन्यात ज्याच्या फॉर्मांवर
'कधी कधी' फार झालं,
त्या लामेकची सायकल जमा झाली.

एक कोंबडी दगडांच्या उबेला येऊन बसते.
आम्ही दोघंही तिच्याकडे बघतो, बराच वेळ.

कधी कधी.
खूण जरा जाडच होते.

मोळी भरली साडेचार किलो.
निघताना ती पसाभर शेंगा देते.
'या पण लाव काट्याला,' म्हणते, 'बघू.'
रुमालात बांधून मी हुकाला अडकवतो.
काटा हलत नाही.

पुढचं घर, चार हजार एकशे दहा.