सहा घरं

तात्यांच्या बाराव्याला
पूर्णगड ठाण्याचा शिपाई दारात उभा:
शस्त्र जमा करा.
मी केळीची पानं पुसत होते.
फडकं खांद्यावर टाकून तशीच गेले.
पावती मिळाली, कार्बनची, माझंच नाव पुसट.

मग सतरा महिने रत्नागिरीची कचेरी.
वारस दाखला, दोन्ही भावांची नाहरकत
आणि एक रकाना : शस्त्र कशासाठी हवे?
स्वसंरक्षण लिहा बाई, कारकून म्हणाला,
सगळे तेच लिहितात.
लिहिलं.
कोणापासून, त्याला रकाना नव्हता.

तात्या मच्छीमार सोसायटीचे खजिनदार.
खाडीवर पूल नव्हता तेव्हा
तरीतून रात्रीची रोकड आणायचे.
मांडीवर पिशवी, कमरेला हे,
तोंडात विडी, विझलेली.
एवढंच मला ठाऊक.
घरात त्याला नाव नव्हतं.
आई म्हणायची, 'ते' कपाटात आहे,
हात लावशील तर बघ.

शरफुद्दीन वाडकरांच्या दुकानात
पुढे शिलाई मशिनं, मागे बंदुका.
त्यांनी नळी आधी भिंतीकडे वळवली,
मग कमरेत मोडून उघडलं
आणि विचारलं, खोबरेल कोणी घातलं?
तात्यांनीच. दुसरं कोण?
डोक्याला, समईला, कडीला, याला
एकच बाटली.
दर थंडीत थिजलेलं, दर वैशाखात चिकटलेलं
चाळीस वर्षांचं तेल
मेस्त्रींनी दाताच्या ब्रशाने खरवडलं.
खालून निळा रंग निघाला,
तिसवणाच्या पाठीवर असतो तसला.

शिकवलं ते असं :
चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही,
चामडं खारा वारा पितं आणि लोखंडाला पाजतं.
मशीनचं तेल, थेंबभर. जास्त प्रेम नको.
पावसाळ्यात आठ दिवसांनी उघडा, पुसा,
बोटांचे ठसेसुद्धा,
तुमच्या घामातही मीठ आहे बाई.
ही सहा घरं. हातात घ्याल तेव्हा मोजा,
काल मोजली असली तरी.
आणि रिकाम्या घरावर घोडा आपटू नका,
आतली टाचणी मोडते.

घरं म्हणतात, हे मला नवीन.
आमच्या वाडीतही सहाच.
चारांना कुलूप.

परवान्याच्या जुन्या पुस्तकात
तात्यांचं ते सोसायटीचं अक्षर.
काडतुसे खरेदी २५.
शिल्लक २५.
शिल्लक २५.
पानामागून पान, सही, शिक्का, शिल्लक २५.
मग एका चैत्रात शिल्लक २४
आणि शेऱ्यात एकच अक्षर :
कु.

शाळेच्या हजेरीत माझ्या नावाआधी असायचं, तेच.

त्या वर्षी मी चौथीत.
बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली,
कशाची ते विचारायचं नव्हतं.
आणि पांड्या, आमचा कुत्रा,
बर्फाच्या ट्रकमधून रत्नागिरीला गेला
असं सांगितलेलं मला.
वर्षभर मी प्रत्येक बर्फाच्या ट्रकमागे पळायचे.
तात्या ओट्यावरून बघत असत.
थांब म्हणाले नाहीत कधी.

ते अक्षर मी बराच वेळ बघितलं.
कुत्रा असेल.
पण तात्या आळशी नव्हते,
रोकडवहीत 'किरकोळ' हा शब्दही
पूर्ण लिहायचे.

काडतुसं हिरवी पडली होती.
ठाण्यात नेऊन दिली.
हवालदाराने टेबलावर ओळीने उभी केली,
दोनदा मोजली.
खोकं पंचवीसचं आहे, म्हणाला,
एक कमी भरतंय.
हो, म्हटलं.

आता दर मंगळवारी, भावांचे फोन यायच्या आत,
वर्तमानपत्र पसरून बसते.
विकून टाक म्हणतात दोघेही.
मी भिंतीकडे नळी धरते, सहा मोजते,
घोडा अंगठ्याने हळू खाली आणते,
झोपलेल्या पोराचा हात अंगावरून उचलून ठेवावा तसा.
सुनेच्या मशीनच्या तेलाची बाटली
हल्ली माझ्याकडेच असते.
शेजारणीचे दोन ब्लाउज अडलेत त्यापायी.