तीन पाणी

अंबादास बिंगी, चावीवाला, पाणीपुरवठा, झोन चार,
गुडघ्याला हात लावत टेबलाशी येतो, विचारतो,
"मॅडम, कधी सोडली तर जास्त बसतंय?"
स्टँडवर अक्कलकोटची गाडी विचारावी तसं.

मी त्याचं रजेचं पान काढते.
बत्तीस वर्षं, आणि पान जवळजवळ कोरं.
पोरगी झाली तेव्हा दोन दिवस, किरकोळ.
आई गेली तेव्हा तीन. तेही किरकोळ.
अर्जित खात्यात तीनशे.
त्याच्या वर साठत नाही, मी सांगते,
जाताना तेवढ्याचेच पैसे.

"म्हणजे टाकी फुल्ल."

हो. आणि दर जानेवारीला, दर जुलैला
पंधरा-पंधरा दिवस नळाला येतात.
सहा महिन्यांत वापरले तर तुमचे,
नाहीतर भरल्या टाकीवरून गटारात.
तुमची बावीस वर्षं अशी गेली, बिंगी.

तो काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.
ती वही अठरा वर्षं माझ्या कपाटात आहे.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
त्या रात्री वीजबिलाच्या पाठीवर
गुणाकार केला: सहाशे साठ.
पोरीच्या शाळेचं पहिलं वर्ष अख्खं बसलं असतं त्यात,
दुसरंही बरंचसं.

डिसेंबरात मीच अर्ज भरून घेतला.
दिवस पंधरा. कारण, खाजगी.
"घरात बसून करू काय?
पंधरा दिवस म्हणजे तीन पाणी, मॅडम!"

पहिल्या पाण्याला तो रात्री तीनला उठला,
पायात चप्पल सरकवली, तेव्हा आठवलं
की आज चावी दुसऱ्याच्या हातात.
मग हंडा घेऊन नळाच्या या बाजूला उभा राहिला.
साडेचार. पाच. सव्वापाच.
चावीवाल्याला गल्लीतल्या बाया काय काय म्हणतात
ते बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, रांगेत उभं राहून ऐकलं.

दुसऱ्या पाण्याला राजव्वा पिंप उलटं करत होती.
"अर्धं हाय की, ओततीस कशाला?"
"शिळं झालंय. नवं आलंय ना."
आणि ओतलं, दारातल्या फरशीवर, सगळं.

तिसऱ्या पाण्यापर्यंत तो तिच्या सुपाशी बसायला लागला होता,
तेंदूची पानं कातरून द्यायला.
दिवसाला हजार विड्या, एकतीस वर्षं.
हे सगळं जानेवारीत मला सांगितलं त्यानं, उभ्याउभ्याच,
आणि विचारलं,
"हिची रजा कुठं साठायलीय, मॅडम?"
माझ्या कपाटात त्या नावाची वही नाही.

मग म्हणाला, तीन महिन्यांची नोटीस लिहा, एप्रिलअखेर.
मी म्हटलं, जुलै उलटू द्या.
वेतनवाढ लागेल, भत्ता चढेल,
तीनशे दिवसांवर फरक किती पडतो ते मांडून दाखवलं.
त्यानं आकडा दोनदा वाचला.
चांगला आकडा होता. दार-खिडक्या झाल्या असत्या त्यात.
कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली.
"वाहू द्या."

तीस एप्रिलला ऊन त्रेचाळीस.
शाल, नारळ, कोमेजलेला हार.
साहेब भाषणात म्हणाले, बिंगींनी आयुष्यात रजा घेतली नाही.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
हात थांबवायचे कसे ते कळेना.

आता ऑगस्ट.
बिल अजून लेखा विभागात, एक शेरा राहिलाय म्हणे.
तो विचारायला येत नाही.
दर सोमवारी मीच जिना उतरून जाते.
टोकन नंबर पाठ झालाय.