बावन्न मिनिटं

परवापर्यंत बावन्न मिनिटं पुरत होती.
अठरा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत.
तेवढ्यात तोंड धुऊन व्हायचं,
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही,
आणि टायरांना एक फेरी, हातोडीनं ठोकून.
बोरामणीच्या पुढं, हैदराबाद रस्त्याला,
चार्जरचा पंखा असा घोंघावायचा
की फोनवर बायको विचारायची,
झालं काय हो तिथलं विमानतळ?

मग रविवारी रात्री, मी केबिनमध्ये झोपलेलो असताना,
गाडीनं आपल्याआपण काहीतरी शिकून घेतलं.
सकाळी पडद्यावर दोन ओळी:
सुधारणा पूर्ण. काही किरकोळ बदल.
खाली एकच बटण, ठीक आहे.
नाही म्हणायला बटणच नव्हतं.
दाबलं.

त्या दुपारी एकशे ऐंशीचा आकडा
एकशे पाचावर येऊन बसला,
डबक्यात म्हैस बसते तसा. उठेचना.
चार्जरवरच्या व्यंकटेश कोंडानं केबल काढली,
फुंकर मारली, पुन्हा लावली.
"माझी मशीन बरोबर आहे बे,
तुझी गाडीच कमी पितीय."
शेजारची जुनी गाडी, अजून अपडेट न घेतलेली,
घटाघटा पीत होती.

अठ्ठ्याऐंशी मिनिटं. छत्तीस जादा.
हैदराबादच्या गोदामाचं फाटक दहाला बंद,
टॉवेलच्या गाठी रात्रभर दारात,
आणि उशिराचे सातशे माझ्या नावावर.
इरण्णा शेठना आकडा सांगितला.
म्हणाले, कंपनी म्हणते बॅटरीचं आयुष्य वाढेल.
वाढू दे की.
तिला आठ वर्षांची हमी आहे,
माझं लायसन पाचाला संपतं.

वडील अशोक चौकातल्या कारखान्यात जॉबर होते.
मालक कधी रात्रीतून मागाची पुली बदलायचा,
लहानीच्या जागी मोठी.
सकाळी वडील दारात यायचे
आणि चपला काढायच्या आधीच कळायचं त्यांना
की दोन खटक्यांमधली जागा आटलीय.
नुसत्या कानानं.
मग ती नवी पुली उतरवून
तेलानं माखलेली तशीच हापिसात न्यायचे,
टेबलावर ठेवायचे, कागदांवर डाग पडू द्यायचे,
आणि विचारायचे, ही कुणी बदलली?

मी काय ठेवू टेबलावर?

म्हणून वही केली. पोराची, गणिताची, अर्धी कोरी.
बारा मे, दुपारी तीन, त्रेचाळीस अंश, अठ्ठ्याऐंशी मिनिटं.
चौदा मे, संध्याकाळी सात, अडतीस, एकोणसत्तर.
पंधराला लिहायचं राहिलं.
सोळा मे, पहाटे चार, अठ्ठावीस, सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस!
जुन्यापेक्षा पाच कमी.
दोनदा बघितलं. व्यंकटेशला हलवून उठवलं.
तो कुशीवर वळत म्हणाला,
"मेच्या दुपारी सोलापुरात पळतं कोण बे?"

म्हणजे लांब कुठंतरी, गार खोलीत बसून
कुणीतरी आमच्या उन्हाला भ्यालं होतं.
बरोबरच भ्यालं होतं.
फक्त मला सांगायचं राहिलं.
गोदामालाही.

वही शेठच्या टेबलावर ठेवली.
त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली,
आणि पोराच्या चुकलेल्या भागाकारापाशी
बराच वेळ थांबले.
पहाटे निघायचं ठरलं.
सातशे काही परत आले नाहीत.

काल पडद्यावर पुन्हा दोन ओळी.
नवी सुधारणा तयार आहे.
आता करायची की रात्री?
एवढंच विचारतात. आता की रात्री.
व्यंकटेश वही पुढं सरकवतो,
पेनाचं टोपण दातात धरून.
मी पंख्याकडं कान लावून बसलोय.