जोड

दुकानातला ट्रेलर तीनशे एकोणीस युरोंचा.
तायमी दर मंगळवारी त्याला भेटून येते.
माठ वाजवून घ्यावा तशी पोलादी कड वाजवते,
गुडघा टेकून आस पाहते,
विक्रेत्या पोराला विचारते, "शंभर किलो, नक्की ना?"
तो चौथ्यांदा हो म्हणतो.
ती चौथ्यांदा म्हणते, विचार करते.

खालच्या फळीवर एकोणऐंशीचाही आहे.
प्लास्टिकची चाकं, चाळीस किलो,
खोक्यावर हसणारं कुटुंब.
तसला तिनं मागे एकदा घेतला होता:
औलूच्या पुलावर, उणे एकवीसमध्ये
त्याचं चाक बिस्किटासारखं तुटलं
आणि दोनशे रिकामे डबे
टणटणत गोठलेल्या नदीकडे निघाले.
स्वस्ताईची इतकी महागडी मिरवणूक
त्या पुलानं पाहिली नसेल.

डब्याला पंधरा सेंट. मोठ्या बाटलीला चाळीस.
हा जोडधंदा. मूळचा धंदा, शाळेतली झाडलोट,
हिवाळ्याआधीच निम्म्यावर आला.
दोन हजार एकशे सत्तावीस डबे म्हणजे एक ट्रेलर,
हे तिनं वीजबिलाच्या पाठीवर मांडून ठेवलंय.
पण ट्रेलर असेल तर डबे,
आणि डबे असतील तर ट्रेलर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण अंथरूणच वाहून न्यायचं असेल,
तर?

जुन्या सामानाच्या केंद्रात
लहान मुलांचा एक पिवळा ट्रेलर मिळाला, वीस युरोंना.
कापड फाटकं, आत एक चिमुकला हातमोजा.
चाकं मात्र सरळ, सोळा इंची, आऱ्यांची.
सांगाडा हवा होता. लोखंड महाग.
तायमीनं घरभर नजर फिरवली
आणि ती पलंगावर थांबली.

दोघांचा पलंग. पेंटी जाऊन चार वर्षं झाली.
ती अजून डाव्या कडेलाच झोपायची,
उजवीकडे धुतलेले कपडे, घडी न घातलेले.

तळमजल्यावरचा यल्मारी, जहाजांचा निवृत्त वेल्डर,
लिंगोनबेरीच्या मुरंब्याच्या सहा बरण्या घेऊन
दोन दिवस ठिणग्या उडवत बसला.
"सगळं जुनं चालेल," म्हणाला, "जोड तेवढा नवा घे.
जोडात काटकसर करू नये."
त्याची बायको दोनदा सोडून गेलेली;
तायमी काही बोलली नाही,
सेहेचाळीस युरो मोजून जोड घेऊन आली.

आता ती जमिनीवर गादी टाकते.
पाठ कुरकुरते, पण ते तिचं ती बघेल.

मंगळवारी दुकानावरून जाते, थांबत नाही.
बाटल्या, डबे, वर कुणाची तरी टाकलेली खुर्ची,
सत्तर किलो तरी असेल.
पुलाच्या चढावर मागून
तीच ओळखीची करकर येते, रात्रीची,
कूस बदलल्यासारखी.
दम लागतो.
मागे न बघताच ती म्हणते,
सरक जरा.